उलट्या बाह्यांचा कोट

हॉटेलात पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस आधी जिना बघतो आणि थोडा वेळ आ वासून उभा राहतो. त्यात त्याचा काही दोष नाही. जिना आहेच तसा. गुलाबी दगडाचा, खाली एकही खांब नसलेला, दिवाणखान्याच्या मधोमध वळत वळत वर गेलेला. अर्ध्यावर ऐसपैस चौक, चौकात काचेचं कपाट आणि कपाटात एक गडद हिरवा, लांब कोट. परवापरवापर्यंत मालकीणबाई पाहुण्यांना तिथे थांबवून सांगायच्या, की हा बंगला एका बड्या फॅशन डिझायनरचा होता, या कोटानं त्याचं नाव देशोदेशी नेलं आणि याच जिन्यावर त्याच्या कपड्यांचे सोहळे व्हायचे. पाहुणे माना डोलवायचे, फोटो काढायचे आणि नाश्त्याला जायचे.

नाश्ता ज्या लांबलचक टेबलावर मांडतात, त्यावरचा पांढरा कपडा उचलला तर खाली लाकडावर कात्रीचे ओरखडे दिसतील. ते मास्तरांचं कापड बेतायचं टेबल. मास्तर म्हणजे डिझायनरसाहेबांचे सख्खे थोरले भाऊ. आणि रोज सकाळी त्या ओरखड्यांवर इस्त्रीचा कपडा अंथरणारी, हॉटेलची लिनन रूम सांभाळणारी बाई म्हणजे मास्तरांची बायको. हॉटेलातले लोक तिला काकू म्हणतात, आणि ती कोणाची कोण हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. पण बंगला बंगला होता तेव्हा शिंप्यांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला वहिनी म्हणायचे. आपणही वहिनीच म्हणू.

वहिनीला नोकरी दुसरीकडेही मिळाली असती. बंगल्याचं हॉटेल झालं हे कळताच ती मुद्दाम इथे येऊन चिकटली. ज्या जिन्यावर टाळ्या पडल्या, त्या जिन्याकडे आपले भाऊजी आज ना उद्या परतणार याची तिला खात्री होती. लहानपणापासून तिनं त्यांना जेवू घातलं होतं. त्यांची भूक कशाची, हे तिच्याइतकं कोणाला कळणार?

लग्न होऊन ती घरात आली तेव्हा भाऊजी शाळेत जात होते. गोड बोलायचे, चित्रं सुरेख काढायचे, पण डाव्या-उजव्याच्या नावानं शंख. बूट हमखास उलटे घालून निघायचे. वहिनी दारात बसून ते काढायची, अदलाबदल करून पुन्हा घालायची आणि गालावर एक टिचकी मारून त्यांना शाळेत पाठवायची. पुढे भाऊजींच्या चित्रांतले कपडे मास्तरांनी कापडात उतरवले आणि घराचं नशीब फळफळलं. चित्र धाकट्यांचं, पण ते माणसाच्या अंगावर बसवणारा हात मास्तरांचा. मास्तरांना कोणी कौतुकानं बोलायला लागलं तर ते मोजमापाची टेप गळ्यात नीट करत तिथून सटकायचे.

कारखान्यात मास्तरांची एक रीत होती. कपडा पक्का शिवण्याआधी तो कच्च्या दोऱ्यानं, धावदोऱ्यानं, जोडून बघतात. पक्की शिवण झाली की तो पांढरा दोरा ओढून काढायचा. मास्तर म्हणायचे, ज्यानं घातला त्यानंच काढायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. ते स्वतः कोपऱ्यात उभे राहून दोरा ओढत, बोटाला गुंडाळत, खिशात टाकत आणि पुढच्या कामाला लागत. ही रीत पहिल्यांदा मोडली ती धाकट्यांनी. त्यांनी सोहळ्याच्या शेवटच्या कपड्यात एक दोरा मुद्दाम राखायला सांगितला, जिन्याच्या चौकात शेदोनशे लोकांसमोर तो झटक्यात ओढला आणि म्हणाले, "आता पूर्ण झाला!" लोक वेडे झाले. तेव्हापासून तो दोरा धाकट्यांचा झाला. मास्तर नुसते हसले. वहिनीला मात्र ते तेव्हाच खुपलं होतं.

मग आलं हिरव्या कोटाचं वर्ष. जिन्याचा हा गुलाबी दगड त्याच वर्षी आला. बंगल्याचा थाट तर असा, की न्हाणीघरातले नळसुद्धा बाहेरून मागवलेले. आणि नेमक्या त्याच वर्षी हिरव्या कोटाचे खाके, म्हणजे कापणीचे कागदी नमुने, कोणीतरी बाजारात विकले. सोहळा व्हायच्या आधीच पलीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या तयार कपड्यांच्या दुकानात तस्सा कोट टांगलेला. त्या दुकानाच्या मालकाला सगळे कोटवाले म्हणत. पण त्यांच्या कोटात एक गंमत होती. बाह्या उलट्या. डाव्या खांद्याला उजवी, उजव्याला डावी. मनगटाची बटणं मागे असायची ती पुढे आलेली, आणि हात वर केला की सगळा कोट कानांशी गोळा. बस थांबवायला हात केलेल्या एका गिऱ्हाइकाचा फोटो वर्तमानपत्रात आला आणि गावभर कोटवाल्यांचं हसं झालं.

भाऊजी पत्रकारांपुढे रडले. "माझ्या सख्ख्या भावानं खाके विकले," म्हणाले. आणि उलट्या बाह्या? त्यावरही उत्तर तयार होतं. "तेवढी तरी लाज वाटली त्याला, म्हणून मुद्दाम बिघडवून विकले." लोकांना पटलं. मास्तर आणि वहिनी त्याच आठवड्यात बंगल्याबाहेर पडले. मास्तरांनी जगाला एक शब्द सांगितला नाही. फक्त वहिनीला विचारलं, "तू त्या बाह्या बघितल्यास ना? आपल्या घरात अशी चूक कोण करतं?"

तिला माहीत होतं. पण तिचं ऐकणार कोण? चोराच्या हातात कात्री द्यायला कोणी तयार होईना. मास्तर शेवटी पडद्यांच्या दुकानात सरळ शिवणी मारत राहिले, सरळच मारत राहिले, आणि तिथल्याच बाकावर एक दिवस गेले. पोचवायला आलेल्यांमध्येही कोणीतरी कुजबुजलंच, की माणूस तसा चांगला, पण भावाला बुडवलं. ते शब्द वहिनीच्या काळजात रुतले ते रुतलेच. तिला भाऊजींचा राग येत नव्हता. राग येतो आणि जातो. तिला त्यांचा सूड घ्यायचा होता, आणि हे ती आरशासमोर उभी राहून स्वतःला स्वच्छ सांगायची.

पुढे बंगला भाऊजींच्याही हातून गेला. थाट झेपला नाही. आणि आता, हॉटेल नावारूपाला आल्यावर, मालकीणबाईंनी ठरवलं की वरच्या मोठ्या खोलीला डिझायनरसाहेबांचं नाव द्यायचं, त्यांना सन्मानानं बोलवायचं आणि जिन्यावर पूर्वीसारखा सोहळा करायचा. साहेबांनी अट घातली, की शेवटी तो हिरवा कोट ते स्वतः घालून उतरतील आणि स्वतःच्या खांद्यावरचा दोरा ओढतील.

"काकू, साहेब फार वाळलेत. कोट खांद्यात ढगळ होतोय," आदल्या दिवशी दुपारी मालकीणबाई लिनन रूममध्ये येऊन म्हणाल्या. "तुमचा हात चांगला आहे. जरा वर जाऊन बघाल?"

"बघते ना," वहिनी म्हणाली आणि टाचण्यांची डबी उचलली.

वरच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा भाऊजी आरशासमोर कोट घालून उभे होते. केस पांढरे, मान पातळ, पण उभं राहणं तेच, जणू समोर कायम गर्दी आहे. आरशातच त्यांना ती दिसली आणि त्यांचा चेहरा उतरला. मग लगेच तो सावरला, हसला.

"वहिनी! तू? इथे?"

"इथेच. तुमच्या उशांचे अभ्रे मीच घातलेत, भाऊजी. हात खाली सोडा."

तिनं खांद्यावर टाचण्या लावायला सुरुवात केली. ते बोलत राहिले. तब्येत, एकटेपणा, लोक कसे विसरतात. मास्तर गेल्याचं उशिरा कळलं म्हणाले. डोळ्यांत पाणीही आणलं. ते पाणी वहिनीच्या जुन्या ओळखीचं होतं.

"एक मागायचंय तुमच्याकडे," ती म्हणाली.

"माग ना. तुला नाही म्हणेन का मी?"

"उद्या चौकात उभे राहाल तेव्हा सगळ्यांसमोर सांगा. खाके मास्तरांनी विकले नाहीत, तुम्ही विकलेत."

 भाऊजींनी आरशात तिच्याकडे पाहिलं. नाकारलं मात्र नाही.

"तेव्हा माझी पैशाची फार ओढाताण होत होती, वहिनी."

"माहीत आहे. तुमच्या ओढाताणीवरच हा जिना उभा आहे. मला कारण नकोय, भाऊजी. मला फक्त त्यांचं नाव धुऊन हवंय. चार वाक्यं बोला, मी सगळं विसरून जाईन."

त्यांनी कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "बोलतो. शब्द देतो तुला. दोरा ओढण्याआधी बोलतो."

"नक्की?"

"आईच्या जागी आहेस तू मला."

कोट हातावर टाकून वहिनी खाली आली, लिनन रूमचं दार लावलं आणि बसली. तिला त्यांच्यावर विश्वास ठेवायची फार इच्छा होती, हे कबूल करायला हवं. पण इच्छा वेगळी आणि अक्कल वेगळी. तिनं कोटाच्या दोन्ही बाह्या अस्तरासकट उसवल्या. मग गुळगुळीत रेशमी दोरा घेतला आणि एका मुंढ्यातून, म्हणजे बाही जोडतात त्या खाचेतून, कॉलरच्या आतून, दुसऱ्या मुंढ्यापर्यंत एकच सलग धावदोरा घातला. शेवटी गाठ मारली नाही. वर खांद्यावर पांढरं टोक राखलं, नेहमीसारखं. भाऊजींनी जन्मात कधी कोट उलटा करून आत बघितलेलं नव्हतं. ते खरं बोलले तर ती पुढे होऊन म्हणणार होती, "थांबा, भाऊजी, दोरा राहू द्या." नाही बोलले तर त्यांचे हात आणि त्यांचं नशीब.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या उजेडात दिवाणखाना माणसांनी भरला. पत्रकार आले, व्यापारी आले, जुनी गिऱ्हाइकं अत्तर लावून आली. पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून कोटवाले बसले होते. हॉटेलच्या नोकरांचे गणवेश त्यांच्याच दुकानातून येत, म्हणून त्यांना बोलावणं गेलेलं. मुली नवे कपडे घालून जिना उतरल्या. मग दिवे बदलले आणि हिरव्या कोटात भाऊजी आले. एक एक पायरी, अगदी सावकाश. चौकात दोन्ही बाजूंना, शिंपी कपडे चढवून बघतात ते लाकडी पुतळे शोभेला उभे केले होते. त्यांच्या मधोमध येऊन ते थांबले. वहिनी जिन्याच्या पायथ्याशी, टाचण्यांची डबी पदराआड धरून उभी होती. 

"हा कोट माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जखम आहे," भाऊजींनी सुरुवात केली. "माझा थोरला भाऊ..."

ते थांबले. त्यांची नजर खाली वहिनीवर आली.  "थांबा" हा शब्द तिच्या ओठांशी आला होता.

"माझ्या थोरल्या भावानं मला फसवलं, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आज तो नाही. आज या चौकात, त्याच्या पत्नीच्या साक्षीनं, मी त्याला जाहीर माफ करतो."

त्यांनी खाली हात केला आणि सगळ्या माना वहिनीकडे वळल्या. कोणीतरी हुंदका दिला. कोणीतरी म्हणालं, काय मोठं मन! वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या माणसाला पुन्हा चोर ठरवायचं, आणि वर स्वतःचं औदार्य मिरवायचं! तिनं ओठांशी आलेला शब्द गिळून टाकला.

भाऊजींनी ऐटीत दोन बोटांनी दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं. दोरा सर्रकन आला, येतच राहिला. आधी डावी बाही खांद्यावरून निसटली, मग उजवी, आणि दोन्ही त्यांच्या पायांशी पडल्या. कोटाच्या भोकांतून शर्टातले त्यांचे काटकुळे दंड बाहेर आले. हातात वीतभर उरायचा तो दोरा चांगला हातभर लोंबत होता.

 मग मागून एकानं टाळी वाजवली, आणि पाठोपाठ सगळा दिवाणखाना दणाणला. लोकांना वाटलं, हाच सोहळ्याचा शेवट! भाऊजींचा चेहरा पांढरा पडला होता, पण टाळ्या ऐकल्या आणि त्यावर रंग आला. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि मान झुकवली. "हेच दाखवायचं होतं मला," ते म्हणाले. "तुटलेलं नातं!"

वहिनीला वाटलं, आता या माणसाला धरणी गिळो नाहीतर मला. आयुष्यभर जपलेला डाव त्यानं हसत हसत स्वतःच्या खिशात टाकला होता, दोऱ्यासारखाच. तिच्या हातात आता काही उरलं नव्हतं. होती फक्त टाचण्यांची डबी. मग ती जिना चढायला लागली. काय करणार आहोत हे तिलाही चौकात पोचेपर्यंत नीट कळलं नाही.

"छान झालं, भाऊजी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माफ केलंत, तर मग जोडूनही दाखवा. नातं तुटलेलंच का ठेवायचं?" आणि डबी त्यांच्यापुढे धरली.

"वा!" मालकीणबाई म्हणाल्या. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. "जोडा, जोडा!"

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत आता भीती होती. पण मागे फिरायला वाट नव्हती. हे सगळं आपणच ठरवून केलं, असं त्यांनी आत्ताच सांगून टाकलं होतं. त्यांनी कोट काढला, पुतळ्यावर चढवला, पायाशी पडलेली एक बाही उचलली आणि मुंढ्याला लावून बघितली.  एक टाचणी, दुसरी टाचणी. मग दुसरी बाही. वहिनी शेजारी उभी राहून बघत होती. शाळेत जायला निघालेलं पोर दारात उलटे बूट घालतंय, असं तिला लख्ख दिसलं. ती हाक मारू शकली असती. तिनं मारली नाही.

"झाला!" भाऊजी बाजूला सरले.

टाळ्या वाजायला लागल्या आणि मधेच काठी फरशीवर आपटल्याचा आवाज झाला. कोटवाले उठून उभे राहिले होते. ते काठी टेकत चौकापर्यंत चढले, पुतळ्याच्या मनगटाशी वाकले आणि बटणांवरून बोट फिरवलं. बटणं पुढे होती.

"साहेब, हा घाला बरं अंगात," ते म्हणाले.

"कशाला? टाचण्या आहेत..."

"घाला हो. मी पण घातला होता एकदा."

भाऊजींनी घातला. दुसरं काय करणार?

"आता हात वर करा."

भाऊजींनी हात उचलला. कोट सगळाच्या सगळा वर सरकला, कॉलर कानांवर चढली आणि एक टाचणी टोचून ते कळवळले. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. पण म्हातारे कोटवाले हसत नव्हते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"हाच!" ते ओरडले. "हाच तो कोट! मला वाटायचं मास्तरांनी डूख धरून बाह्या उलट्या दिल्या. मध्यस्थानं नाव सांगितलं नव्हतं, बंद पाकिटात खाके आले होते. गावानं मला वेड्यात काढलं आणि मी त्या बिचाऱ्या माणसाला शिव्या देत राहिलो. अहो, मुद्दाम नव्हतं ते! ज्याला डावी-उजवी बाही कळत नाही त्यानं ते खाके उतरवून दिले होते!" ते वहिनीकडे वळले. "बाई, मास्तरांना अशी बाही लावता आली असती का?"

"झोपेतसुद्धा नाही," वहिनी म्हणाली.

तेवढंच ती बोलली. बाकीचं पत्रकारांनी विचारलं, कोटवाल्यांनी सांगितलं आणि कानांपर्यंत कॉलर चढलेल्या माणसानं, खाली मान घालताही येईना अशा अवस्थेत, कबूल केलं. लोक पांगायला लागले तेव्हा भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, तू बघत होतीस. तुला कळलं होतं. मला थांबवलं का नाहीस?"

"तुमचे बूट मी खूप वर्षं सुलटे केले, भाऊजी. आता नाही करणार."

कोट पुन्हा काचेच्या कपाटात गेला, पण तसाच, उलट्या बाह्यांचा आणि टाचण्या लावलेला. मालकीणबाई धंद्याला पक्क्या. हॉटेलात पाहुणे दुप्पट झाले. कपाटाखाली पितळेची पट्टी बसवली, तिच्यावरचा मजकूर वहिनीला विचारून. त्यावर एवढंच आहे: बेत मास्तरांचा, बाह्या धाकट्यांच्या. पाहुणे ते वाचतात आणि कोटाकडे बघून आपापला हात वर करून पाहतात.

मध्यंतरी भाऊजींचा फोन आला होता. आवाज बसलेला. म्हणाले, पट्टी राहू दे, हवं तर माझं नाव घालून मोठी कर, पण बाह्या तेवढ्या काढ. लोक रोज हसतात.

"मी कशी काढणार?" वहिनी म्हणाली. "ज्यानं घातलं त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आपल्या कारखान्याची रीतच आहे ती. तुम्ही या ना. नाश्त्याच्या वेळेला या, सगळे असतात."

ते अजून आलेले नाहीत. वहिनी रोज सकाळी टेबलावर कपडा अंथरते, मग कपाट उघडते आणि एकेक टाचणी तेलाच्या फडक्यानं पुसते, गंजून गळून पडू नये म्हणून.